दारातला खांब

जत्रेच्या दिवशी सकाळी एम्रिस प्रॉसर हातात चहाचा कप घेऊन बाहेर आला, तर दारात खांब उभा.

फाटकाच्या डाव्या अंगाला, ग्लेनिसच्या गुलाबांच्या वाफ्यात, चांगला मांडीएवढा जाड, सोललेला, ताजा खांब. नदीवरचं धुकं अजून गल्लीतून हललं नव्हतं, त्यामुळे तो वर कुठवर गेलाय ते दिसत नव्हतं. एम्रिसला तसंही दिसलं नसतं, कारण चष्मा आत फ्रिजवर राहिला होता. पण दिसलं तेवढं पुरेसं होतं. त्याला संताप आला, आणि संतापाच्या खाली थोडं बरंही वाटलं. आपलं वाईटच होणार असं तो जन्मभर सांगत आला होता. तसं झालं की निदान आपण खोटे पडलो नाही, एवढं तरी समाधान मिळतं.

"ग्लेनिस!" तो ओरडला. "ये, बघ बाहेर. पुरला मुडद्यांनी!"

"काय पुरलं?" आतून बायकोचा आवाज आला.

"खांब! टेलिफोनवाल्यांनी! जत्रेची रात्र साधून आले, चोरासारखे!"

टेलिफोन कंपनी वर्षभर गावोगाव लोकांच्या दारात नव्या तारांसाठी खांब पुरत सुटली होती. आपल्या दारात तो येऊ नये म्हणून एम्रिसने अर्जांवर अर्ज केले होते. कंपनीकडून उत्तर आलं नव्हतं, म्हणजे खांबच येणार हे त्याला ठाऊक होतं. त्याने वाकून पाहिलं. बुडाशी निळा, पांढरा, तांबडा असा पट्टा रंगवला होता.

"झेंड्याचे रंग फासलेत," तो म्हणाला. "म्हणजे सरकारपण सामील आहे."

ग्लेनिस शाल लपेटून दारात आली. तिने खांबाकडे पाहिलं, आपल्या चिरडलेल्या गुलाबाकडे पाहिलं आणि जांभई दिली. "असू दे रे. मंगळवारी एजंट पाटी लावायला येतोय. आपण चाललोच आहोत. खांब राहिला काय नि गेला काय."

घर विकायचं हे महिन्यापूर्वी ठरलं होतं, म्हणजे ग्लेनिसने ठरवलं होतं. "सहा वर्षं झाली एम्रिस," ती म्हणाली होती, "मागच्या कुंपणापलीकडचे फेर्नां आणि ओदेत सोडले तर बर्नाकमध्ये कोणी आपल्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. बाँझूर, बाँझूर, आणि पुढे चालायला लागतात. मी काय आयुष्यभर बाँझूरवर जगू?" कार्डिफचं घर विकून, नोकरी वेळेआधी सोडून एम्रिस फ्रान्समध्ये आला होता तो ह्या गावाचा होण्यासाठी. दुसरं त्याला काही नको होतं. आणि गाव त्याला अजून 'इंग्रज' म्हणत होतं. तो वेल्सचा होता. सुरुवातीला तो तसं सांगायचा. "मी वेल्सचा आहे," तो म्हणे. "हो हो," बेकरीवाली म्हणे, "म्हणजे इंग्रजच. अजून काही हवंय तुम्हाला?"

तेव्हा खांब असू द्यावा हे खरं होतं. पण माणसाला मोठं दुःख गिळता येतं, लहान घशात अडकतं.

"असू कसा दे?" एम्रिस म्हणाला. "ह्याच्यामुळे नदी दिसणार नाही. नदी नाही तर गिऱ्हाईक नाही. शिवाय फेर्नांला मेंढा भाजायला लाकडं कमी पडतायत. रात्रीच म्हणाला, ओकच्या चार ढलप्या घेऊन ये. माझं चांगलं ओक कशाला जाळू? कंपनीचंच जळू दे!"

आणि त्याने पेट्रोलवरची करवत काढली.

करवत सुरू झाली तेव्हा समोरच्या घराची खिडकी बोटभर उघडली. त्या गल्लीत घरं दोनच, एक प्रॉसरांचं, एक पुजोलचं. पुजोल म्हणजे एक नमुना होता. तळघरात वाइनची पिंपं ओळीने लावलेली, पण पोस्टमनलासुद्धा कधी पाण्याचा पेला विचारला नाही. ह्या वसंतात तो उपसरपंच झाला, कारण दुसरं कोणी उभंच राहिलं नाही. एम्रिसशी तो सहा वर्षांत एक शब्द बोलला नव्हता. आता शिव्या खाव्या लागणार म्हणून एम्रिस मान खाली घालून कापत राहिला. खिडकी तशीच उघडी राहिली.

खांब कडाडला आणि धुक्यातून सूं करत गल्लीत आडवा झाला. शेंड्याला हिरव्या पानांचा भला मोठा झुबका होता.

"बघ!" एम्रिस ओरडला. "बघ ह्यांची कामं! शेंड्याची पानंसुद्धा काढली नाहीत. कसला आळशी देश आहे!"

त्याने झुबका खताच्या खड्ड्यात टाकला, खांबाचे ओंडके केले आणि गाडीत भरले. शेवटचा ओंडका उचलताना समोरून आवाज आला.

"बाँझूर म्युसिय!" खिडकीत पुजोल उभा होता आणि चक्क हसत होता. "काय सुंदर सकाळ आहे, नाही?"

सकाळ ओल्या पोतेऱ्यासारखी होती. एम्रिसने मागे वळून पाहिलं, की हा दुसऱ्या कोणाशी बोलतोय का. मागे कोणीच नव्हतं.

*

देवळामागच्या मैदानात फेर्नां पहाटेपासून मेंढ्याशी झटत होता. सत्तरी ओलांडलेला, पिळदार मिशांचा हा शेजारी गावजेवणाचा मेंढा भाजायचा तो त्याच्या बापानंतर, आणि बाप भाजायचा तो आज्यानंतर. सळईवर मेंढा चढला होता, खाली ओकचे निखारे लालबुंद झाले होते, आणि फेर्नां लसणीच्या मिठवणीत झुडपाच्या काड्यांची जुडी बुडवून त्याला न्हाऊ घालत होता.

"आलास बाबा!" तो म्हणाला. "टाक तिथे लाकडं. मी मिठवणी संपली ती घेऊन येतो. आणि हे बघ, आगीला हात लावायचा नाही. आग माझी आहे."

फेर्नां गेला. आता हात लावू नको म्हटल्यावर एम्रिसने लावायला नको होता. पण निखारे जरा मंद वाटत होते. शिवाय हीच शेवटची जत्रा, आपल्या हातूनही काही व्हावं, असं त्याच्या मनात आलं. चांगली गोष्ट मनात आली की एम्रिसचा हमखास घात होई. त्याने एकेक करत सगळे ओंडके आगीत रचले. सगळ्यात जाड, पट्टा रंगवलेला बुडखा त्याने कडेला लावला.

ओला पाइन तो. आधी तो रडला, मग फुसफुसला, मग त्याने धूर सोडला. काळा, चिकट, वार्निशच्या वासाचा. मेंढा दिसेनासा झाला. वारा देवळाकडे होता. आत प्रार्थना चालू होती, ती प्रथम खोकल्याने अडली, मग थांबलीच, आणि डोळे पुसत पाद्रीबुवांसकट अख्खं गाव दहा मिनिटं आधी बाहेर आलं. त्यात ग्लेनिस आणि तिची पंधरा वर्षांची मुलगी बेथन ह्या दोघीही होत्या.

फेर्नां मिठवणीची बादली घेऊन धावत आला आणि जागीच थिजला.

"पाइन!" तो किंचाळला. "ओला पाइन! अरे, कोणत्या गाढवाने माझ्या आगीत पाइन घातला? वास लागला रे! राळेचा वास लागला मेंढ्याला!"

लोक जमले. जो तो मान हलवू लागला. "म्हातारा झाला फेर्नां," मागून कोणीतरी म्हणालं. "आता नाही जमत त्याला." फेर्नांने ते ऐकलं. त्याच्या मिशा थरथरल्या.

"एम्रिस," तो म्हणाला, "तू इथेच होतास ना? कोण आलं होतं?"

बोलायचं होतं ते ह्याच क्षणी. एम्रिसने तोंड उघडलं. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं. "मी... मला धुरात दिसलं नाही," तो म्हणाला.

ग्लेनिसने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारात त्या नजरेचा अर्थ त्याला कधी विचारावा लागला नव्हता.

*

तासाभराने लिंडनच्या झाडांखाली सरपंचबाईंतर्फे सगळ्यांना पेयपान सुरू झालं. आभाळ खाली आलं होतं. बँडवाले ओल्या बाकांवर बसून एकच धून पुन्हापुन्हा वाजवत होते. ओदेत, म्हणजे फेर्नांची बायको, दोन्ही हातांत पेले घेऊन प्रॉसरांच्या टेबलाशी आली आणि ग्लेनिसला कोपराने ढोसत म्हणाली, "काय गं, बघितलीस का सकाळी? तुमच्या गल्लीतली?"

"काय बघितली?"

"शू! नाव नाही घ्यायचं. ज्याची आहे त्याने संध्याकाळपर्यंत काही माहीत नसल्यासारखं वागायचं असतं." ओदेत वाकून कुजबुजली. "मानाची काठी गं! पोरांनी रात्रीत उभी केली. डोंगरावरून पाइन आणला, सोलला, शेंडा तेवढा हिरवा ठेवला. संध्याकाळी वाजतगाजत जायचं, झेंडे लावायचे, मानाची पाटी ठोकायची. आणि मग ज्याची काठी त्याने अख्ख्या गावासाठी तळघर उघडायचं! सरपंचबाईंची बघितली नाहीस का पंचायतीमागे? तुम्ही यायच्या आधीची आहे ती."

एम्रिसला वाटत आलं होतं की पंचायतीमागे आहे तो झेंड्याचा जुना दांडा. त्याने पेला खाली ठेवला.

"आणि..." त्याने विचारलं, "समजा... ती कोणी कापली तर?"

ओदेतने छातीवर क्रूस काढला. "असलं अभद्र बोलू नकोस. काठी आपोआप कुजून पडेपर्यंत तिला हात लावायचा नसतो. माझ्या आज्याच्या वेळी एकाने कापली होती, वैरापोटी. मेला तेव्हा खांदा द्यायला चौघे मिळाले नाहीत. पोरं गाव सोडून गेली. घराला अजून छप्पर नाही." तिने एम्रिसच्या पाठीवर थाप मारली. "पी रे. आज तोंड असं काय केलंयस? तुमच्या गल्लीचा दिवस आहे!"

ओदेत पुढे गेली.

"आपल्या गल्लीत घरं दोन," बेथन म्हणाली. ती इथल्याच शाळेत शिकली होती आणि तिचं फ्रेंच ऐकून बेकरीवाली तिला तरी इंग्रज म्हणत नव्हती.

"पुजोलला कोण मान देणार?" एम्रिस हळूच म्हणाला. "त्याला तर त्याचं कुत्रंसुद्धा विचारत नाही. आणि काठी आपल्या फाटकात होती. आपल्या वाफ्यात. ग्लेनिस, ती माझी होती. आपण चाललो हे त्यांना कळलं असणार. पोरं डोंगरावर गेली, झाड आणलं, रात्रभर खपली. माझ्यासाठी! सहा वर्षं ज्याची वाट बघितली ते दारात येऊन उभं राहिलं, आणि मी काय केलं?"

"कापलंस," ग्लेनिस म्हणाली.

"कापलं! आणि जाळलं!"

"बाबा, नुसतं जाळलं नाहीस," बेथन म्हणाली, "त्याच्यावर मेंढा भाजलास."

नवऱ्यावर चिडावं तर तो रडकुंडीला आलेला, आणि समजूत घालावी तर घालण्यासारखं काही उरलं नव्हतं. "आपल्याकडे तळघर नाही," ग्लेनिस म्हणाली. "वाइनच्या तीन बाटल्या आहेत. त्यातली एक स्वयंपाकाची."

*

दुपारी गाव लांब टेबलांवर जेवायला बसलं. प्रत्येकाने घरून आणलेली ताटं, काटे, सुऱ्या मांडल्या. प्रॉसर फेर्नां-ओदेतच्या समोर बसले. मेंढा आला. पहिला घास सगळ्यांनी एकदम घेतला आणि एकदमच थांबले.

"हे काय," पलीकडच्या टेबलावरचा कसाई म्हणाला, "मेंढा आहे की कपाट?"

हशा पिकला. फेर्नां हसला नाही. तो ताटाकडे बघत बसला. "नवीन पॉलिश केलेलं दिसतंय," दुसरा कोणी म्हणाला. "फेर्नां, पुढच्या वर्षी खुर्च्या भाज!" फेर्नांने हातातली सुरी खाली ठेवली, रुमाल काढला आणि नाक शिंकरलं. नाक शिंकरायला इतका वेळ लागत नाही.

अख्ख्या बर्नाकमध्ये ज्या माणसाने त्याला दार उघडलं, त्याचं आज हसं होत होतं, आणि ते थांबवणं त्याच्या एका वाक्यावर होतं. ते वाक्य बोललं की ओदेतच्या आज्याच्या गोष्टीतला तो बिनछपराचा माणूस आपण, हेही त्याला कळत होतं. शेवटी फेर्नां उठला, आगीकडे गेला आणि राखेतून पायाने एक अर्धवट जळका बुडखा बाहेर ढकलला. कोणाचं पाप आहे ते शोधायला गेला असावा. त्याने बुडखा उचलून फिरवला. निळा, पांढरा, तांबडा.

"ही काठी आहे," फेर्नां म्हणाला.

बँड थांबला.

"मी कापली!" एम्रिस उभा राहिला. खुर्ची मागे पडली. "मी कापली, फेर्नां. आगीतही मीच घातली. चष्मा नव्हता. मला वाटलं, टेलिफोनवाल्यांचा खांब आहे." आता सुरू झालं ते थांबेना. "मला माहीत नव्हतं की तुम्ही माझा एवढा मान... सरपंचबाई, पोरांनो, मी लायक नव्हतो. सहा वर्षं मी घरी बसून म्हणत राहिलो की ह्या गावाला आमची किंमत नाही. आणि तुम्ही माझ्या दारात मानाची काठी उभी केलीत! मरेपर्यंत विसरणार नाही मी हे. घर विकलं तरी विसरणार नाही!"

त्याने डोळे पुसले आणि वाट पाहिली. कोणी टाळी वाजवली नाही. कोणी ओरडलंही नाही. सरपंचबाई मादाम लासेर ह्यांनी घसा खाकरला आणि आपल्या ताटातल्या बटाट्याची चौकशी केल्यासारखं खाली पाहिलं. काठी आणणारी पोरं एकमेकांना ढकलू लागली, तू सांग, तू सांग.

शेवटी ओदेतनेच ते काम केलं. "बाळा," ती हळू आवाजात म्हणाली, "खाली बस. ती पुजोलची होती."

"पुजोलची?"

"उपसरपंच झाला ना तो. काठी तर लावायलाच लागते. त्याच्या दारात सगळी फरशी. तुमच्या वाफ्यातली माती मऊ, म्हणून पोरांनी..."

एम्रिस खाली बसला. खुर्ची मागेच पडलेली होती हे तो विसरला होता. बेथनने त्याला काखेत धरून उठवलं. गाव त्याच्यावर पोट धरून हसलं असतं तर त्याला चाललं असतं, पण कोणी हसेना. आधी त्यांना नीट अर्थ कळायचा होता. आणि तो पुजोलने कळवला.

टोकाच्या टेबलावर पुजोलने सावकाश ओठ पुसले, ताट-काटे पिशवीत भरले आणि तो उभा राहिला. "काठी नाही," तो म्हणाला, "तर तळघर नाही. मी नाही म्हणत, रीत म्हणते." मग तो सरळ एम्रिसकडे चालत आला, त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला आणि म्हणाला, "सकाळी खिडकीतून सगळं बघितलं मी. फार सफाईने कापलीत, म्युसिय." आणि शीळ घालत घरी गेला.

आता भडका उडाला. कारण पुजोलचा मान कोणाला हवा होता? काठी लावली होती ती पिंपांसाठी! आयुष्यात एकदा ते तळघर उघडायचं होतं. पोरांनी त्यासाठी महिनाभर बेत केला होता, म्हाताऱ्यांनी त्यासाठी डॉक्टरला खोटं सांगितलं होतं.

"मला वाटलंच होतं!" कसाई ओरडला. "मेंढा गेला, वाइन पण गेली!"

"तीस वर्षं वाट बघितली त्या पिंपांची!"

सरपंचबाई हात वर करून उभ्या राहिल्या. "शांत व्हा! शांत! झालं ते झालं. म्युसिय प्रॉसर इंग्रज आहेत. परक्या माणसाला आपल्या रीती कशा माहीत असणार? पाहुणे समजून आपण त्यांना माफ करू या."

"वेल्सचा," एम्रिस पुटपुटला. ते कोणीच ऐकलं नाही. माफी मिळत होती आणि त्याला इतकं वाईट आजवर कधी वाटलं नव्हतं. ग्लेनिसने पर्स उचलली. निघायची वेळ झाली होती, जत्रेतूनही आणि गावातूनही.

तेवढ्यात फेर्नांने हातातला बुडखा टेबलावर आपटला. पेले उडाले.

"पाहुणा?" तो गरजला. "कोण पाहुणा? हा? अहो बाई, हा सहा वर्षं माझ्या कुंपणावर टेकून माझं डोकं खातोय! माझ्या गाईला बाळंत करताना हा शेपूट धरून उभा होता! ओदेत दवाखान्यात होती तेव्हा ह्याने केलेलं ते बेचव सूप मी रोज गिळलंय! परका असता तर केलं असतं माफ. परक्याला काय कळतं! पण हा बर्नाकचा आहे. आणि बर्नाकच्या माणसाने मानाची काठी कापायची, माझ्या आगीत घालायची, वर माझ्या तोंडावर खोटं बोलायचं?" त्याच्या मिशा आता ताठ उभ्या होत्या. "ह्याला माफी नाही! अजिबात नाही!"

क्षणभर गाव विचारात पडलं. मग कसाई म्हणाला, "बरोबर आहे. माफी कशाला?"

"मुळीच नाही!" बेकरीवाली तरातरा आली आणि एम्रिसच्या नाकासमोर बोट नाचवलं. "गाढवा! डोळे फुटले होते का तुझे? खांब कुठला नि काठी कुठली कळत नाही तुला? आणि तू गं," ती ग्लेनिसकडे वळली, "तू काय करत होतीस? नवऱ्याच्या हातात करवत देतं का कोणी? माझ्याकडे ये उद्या, सांगते तुला. माझाही असलाच होता." आणखी दोघीतिघी खुर्च्या ओढून ग्लेनिसच्या भोवती बसल्या आणि आपापल्या नवऱ्यांनी काय काय कापलं, जाळलं, बुडवलं ते सांगू लागल्या. सहा वर्षांत तिच्याशी कोणी एवढं बोललं नव्हतं. ती पर्स मांडीवर घेऊन ऐकत राहिली.

एम्रिस मान खाली घालून शिव्या खात होता. पोरांनी दिल्या, म्हाताऱ्यांनी दिल्या, पाद्रीबुवांनी सौम्य शब्दांत दिल्या. सरपंचबाईंनीसुद्धा "तू म्हणजे अगदीच हा आहेस" असं म्हणून घेतलं. मघापर्यंतचं 'तुम्ही' कुठे गेलं कोणास ठाऊक. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बाबा, रडू नकोस ना," बेथन म्हणाली.

"रडू दे गं मला," एम्रिस म्हणाला. "बेकरीवाली मला गाढव म्हणाली."

संध्याकाळी मिरवणूक निघालीच, कारण बँडचे पैसे दिलेले होते. गाव वाजतगाजत त्या गल्लीत गेलं, फाटकातल्या खड्ड्याला प्रदक्षिणा घालून प्रॉसरांच्या अंगणात शिरलं. तीन बाटल्या बोलता बोलता संपल्या, स्वयंपाकाचीसुद्धा. मग ग्लेनिसने चहा केला. रिमझिम पावसात, हातात गरम कप घेऊन, अख्खं बर्नाक उभं राहून चहा पीत होतं. त्यांचे चेहरे सुतकात बसल्यासारखे दिसत होते. "हे तुम्ही रोज पिता?" कसायाने ग्लेनिसला विचारलं आणि तिच्या खांद्यावर सांत्वनाचा हात ठेवला. समोर पुजोलच्या खिडकीत दिवा होता. तो आत एकटाच काहीतरी पीत बसला होता.

फेर्नां एम्रिसशी बोलला नाही. पण जाताना कुंपणापाशी थांबून म्हणाला, "पुढच्या वर्षी ओकची लाकडं आण. मी स्वतः बघून घेईन. एकेक."

*

मंगळवारी एजंट आला, फाटकापाशी त्याला तयार खड्डा मिळाला म्हणून खूश झाला, त्यात पाटीचा खांब रोवून निघून गेला. प्रॉसर तेव्हा बेकरीत होते. ग्लेनिस तिथून दोन तास बाहेर आली नाही. एम्रिसला मात्र बेकरीवालीने कालचा पाव काढून दिला आणि वर ऐकवलं, "कापून खा. कापायला येतं ना तुला?"

दोघं घरी परत आली, तेव्हा धुकं नुकतंच उठलं होतं. फाटकाच्या डाव्या अंगाला, गुलाबांच्या वाफ्यात, एक नवा कोरा खांब उभा होता. वर 'घर विकणे आहे' अशी पाटी होती.

एम्रिस आत गेला आणि करवत घेऊन आला. ती सुरू करायच्या दोरीला त्याने हात घातला.

"थांब," ग्लेनिस म्हणाली.

त्याचा हात थांबला. त्याला वाटलं, झालं, संपलं.

ती आत गेली आणि फ्रिजवरचा चष्मा घेऊन बाहेर आली. पदराची सवय नसलेल्या बायका पुसतात तसा शालीच्या टोकाने पुसून तिने तो त्याच्या नाकावर बसवला.

"ह्या वेळी आधी वाच," ती म्हणाली, "आणि मग काप."